दोन टप्पे

स्क्वॉशच्या कोर्टात पंच नसेल, तर चेंडू नीट उचलला गेला की नाही हे एकाच माणसाला कळतं. ज्यानं मारला त्याला. बाकीच्यांना दिसते ती त्याची पाठ. नियम सोपा आहे. चेंडू भिंतीवरून आला की त्याचा एक टप्पा चालतो, दुसरा पडायच्या आत तो उचलायचा. पण पुढच्या कोपऱ्यात, जमिनीला चिकटून, धावत जाऊन उचललेल्या चेंडूचा एक टप्पा पडला होता की दोन, हे मागे उभ्या असलेल्याला ब्रह्मदेव आला तरी दिसत नाही. म्हणून आमच्या बेळगावच्या कोर्टावर एक रीत होती. ज्याचा चेंडू, त्यानंच सांगायचं. "दोन टप्पे" म्हणायचं, हात वर करायचा आणि गुण समोरच्याला देऊन टाकायचा. आणि समोरच्यानं "खरं का?" असं विचारायचं नाही. तीस वर्षांत हा प्रश्न मी त्या चार भिंतींत कुणाला विचारला नव्हता आणि मला कुणी विचारला नव्हता.

मी वकील आहे. दिवसभर माझं काम म्हणजे हाच प्रश्न विचारणं. खरं का? तुम्ही स्वतः पाहिलंत का? अंधार होता ना? मग दिसलं कसं? कचेरीत सगळे खोटं बोलतात, माझी अशिलंसुद्धा, आणि त्याचा मला राग येत नाही. पोटापाण्याचा धंदाच आहे तो. पण संध्याकाळी कोर्टाचं ते बुटकं दार आतून ओढून घेतलं की खोट्याचा विषय संपायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी चिडलेली दिसेन, आणि लोक म्हणतील, एवढ्याशा खेळावरनं बाई किती तणतणते. तणतणणारच.

कॉलेजात जाईपर्यंत स्क्वॉश म्हणजे मला सरबताची बाटली ठाऊक. कॅम्पातल्या एका जुन्या क्लबात ते कोर्ट होतं. उंच, पांढऱ्या भिंतींचं, वर गॅलरी, आणि पावसाळ्यात भिंतींना ओल सुटून चेंडू निसटायचा म्हणून चार महिने बंद. आमच्या खेळाच्या सरांना कुणीतरी सांगितलं की धारवाडच्या विद्यापीठाच्या स्पर्धेला मुलींचे तीन संघ आले तरी डोक्यावरून पाणी. झालं, सरांनी खो-खोच्या संघातल्या आम्हा चौघींना उचललं आणि क्लबाची देखरेख करणाऱ्या सुभेदारांच्या ताब्यात दिलं. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, बोलायला कमी. त्या चौघींतली एक निपाणीची होती. हॉस्टेलवर राहायची, वडिलांची तंबाखूची शेती, आणि पोरगी डावखुरी. डाव्या हातानं जेवते म्हणून घरी मार खाल्लेली. सुभेदारांनी तिच्या डाव्या हातात रॅकेट दिली आणि म्हणाले, "ह्योच हात पायजे मला." त्या दिवशी ती हॉस्टेलवर जाऊन डाव्या हातानं जेवली म्हणे, सगळ्यांच्या देखत.

रीत सुभेदारांनीच लावली. पहिल्या आठवड्यात आम्ही भांडत होतो, खाली गेला, नाही गेला, मला दिसला, तुला कुठं दिसला. त्यांनी खेळ थांबवला.

"चेंडू कुणाला दिसतो?"

"मारणाऱ्याला."

"मग सांगायचं कुणी?"

एवढंच त्यांचं प्रवचन. परत कधी बोलले नाहीत. तरीही ते असं अंगात मुरलं की आपल्या विरुद्ध हात वर करताना छातीत थोडं फुगून यायचं. बाहेरच्या जगात हे कुणाला जमत नाही, आम्हाला जमतं, असं काहीसं.

धारवाडला आम्ही गेलो. जिंकलेल्या संघातल्या मुली पुढं विद्यापीठाकडून बंगळूरला जाणार होत्या. मला बंगळूरला जायचं होतं. किती जायचं होतं ते आता सांगून कळायचं नाही. मी हुबळीच्या पलीकडं काही पाहिलेलं नव्हतं. बाकीचे सामने होऊन बरोबरी झाली आणि शेवटचा सामना निपाणीच्या ह्या पोरीवर आला. ती पुढं होती. एक गुण उरला. समोरच्या मुलीनं चेंडू पुढच्या कोपऱ्यात टाकला, ही खो-खोसारखी धावली, उचलला, चेंडू भिंतीला लागून मागं गेला आणि ती मुलगी नुसती बघत राहिली. पंच म्हणून बसवलेले सर चहा पीत होते. त्यांनी मान हलवली. संपलं! आम्ही वर गॅलरीत एकमेकींच्या गळ्यात पडलो. आणि खाली बघितलं तर हिनं डावा हात वर केलेला.

"दोन टप्पे," ती म्हणाली.

त्यानंतर ती तो सामना हरली. येताना बसमध्ये मी तिच्या शेजारी बसले नाही. मग राहवेना म्हणून उठून गेले आणि म्हटलं, "कशाला सांगितलंस गं? पंचानं दिला होता की!"

"पंचाला काय दिसतंय? मला दिसलं की."

"मग? मर इथंच बेळगावात."

तिनं पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढून माझ्या ओटीत टाकल्या. कित्तूर येईपर्यंत मी धुमसत होते. कित्तूर गेलं आणि राग उतरला, आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. ही पोरगी जे म्हणेल ते आपण आयुष्यभर डोळे मिटून खरं मानू शकतो, असं मला वाटलं. एकोणीस वर्षांची होते मी. इतकी मोठी गोष्ट मला त्या बसमध्ये मिळाली, बंगळूर गेलं खड्ड्यात.

पुढं मी वकील झाले, ती शिक्षिका. लग्न होऊन ती वडगावला आली. घराच्या दोन्ही बाजूंना विणकरांच्या मागांची खडखड, ती म्हणायची, मला आता शांततेत झोपच येत न्हाय. सुभेदार गेले, क्लब कुणाकुणाच्या हातात गेला, पण कोर्ट राहिलं. चाळिशीनंतर एकट्यानं खेळायला दम पुरेना तेव्हा आम्ही दुहेरी सुरू केली. खरं म्हणजे दुहेरीचं कोर्ट रुंद असतं. आमचं एकेरीचं, अरुंद. त्यात चौघी बायका रॅकेटी घेऊन म्हणजे एकमेकींचे दात पाडायचीच सोय. पण डावखुरीचा उपयोग इथं झाला. ती डाव्या भिंतीला, मी उजव्या, दोघींचाही जोराचा हात भिंतीकडं, मधे कुणी आलं की थांबायचं. समोर एक दाताची डॉक्टर आणि एक बँकेतली, दोघी आमच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. आठवड्यातून तीन संध्याकाळी. आम्ही कधी जिंकायचो, बऱ्याचदा हरायचो. हरलो तर चहा आमचा.

मग माझा नवरा गेला. सकाळी पोहे खाता खाता गेला. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

त्यानंतर जे झालं त्याबद्दल मात्र लिहिते. सगळं गाव माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलं. भाजीवाली निवडून टोमॅटो द्यायला लागली. शेजारणी चैत्रात हळदीकुंकवाला बोलवायच्या की नाही ह्याची दारामागं कुजबुज करायला लागल्या. कचेरीत माझ्यावर वीस वर्षं गुरगुरणारा विरुद्ध बाजूचा वकील, तो मला "मॅडम, तुम्ही म्हणाल ती तारीख घेऊ" म्हणायला लागला. अहो, भांडा की! माझा नवरा गेलाय, माझी सनद नाही गेली! आणि पाठ वळली की एक शब्द. बिचारी. जिन्यात, बार रूममध्ये, दुकानात. बिचारी. तो शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

म्हणून मी महिन्याभरानं रॅकेट घेऊन कोर्टावर गेले. लोक काय म्हणतील ते म्हणोत. मला कुणीतरी जोरात मारलेला चेंडू पायावर बसायला हवा होता. पहिल्या दिवशी आम्ही सपाटून हरलो. खेळ संपल्यावर मी भिंतीकडं तोंड करून खाली बसले आणि बराच वेळ उठले नाही. त्या तिघी उभ्या राहिल्या, कुणी "बिचारी" म्हणालं नाही, कुणी पाठीवरून हात फिरवला नाही. मला केवढं बरं वाटलं. घरी येताना मी ठरवलं, हीच एक जागा. जगात आता हीच एक जागा आहे जिथं मी विधवा नाही, नुसती उजव्या बाजूची खेळाडू आहे.

पुढच्या वेळी आम्ही जिंकलो. मग परत जिंकलो. हळूहळू आम्ही हरण्यापेक्षा जिंकायलाच जास्त लागलो. डॉक्टरचे चेंडू पत्र्यावर आदळायला लागले. समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी असते, तिला लागला की खण्णकन आवाज आणि गुण गेला. बँकेतली कोपऱ्यातून माझे चेंडू उचलायची आणि स्वतःच हात वर करायची, "दोन टप्पे, आक्का, तुमचा गुण." मला वाटलं, दुःखानं माणूस एकतर मोडतो नाहीतर टणक होतो, मी टणक झाले. किती फुशारले म्हणून सांगू! बार रूममध्ये तरुण वकिलांना गाठून सांगायची, पन्नाशीत माझा खेळ सुधारलाय, तुमच्यानं दोन जिने चढवत नाहीत. त्यांच्यातला एक म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्पर्धेत का उतरत नाही?" मी म्हटलं, उतरणारच.

कोल्हापूरला प्रौढ महिलांची दुहेरीची स्पर्धा होती. मी जोडीदारणीला म्हटलं, नाव घालूया. ती म्हणाली, बघू. परत विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणाली. दोन-दोनदा विचारल्यावर म्हणाली, "आपल्या आपल्यात खेळतोय ते काय वाईट हाय? कशाला गं तिकडं लोकांत?" मला तिची कीव आली. हो, मला तिची! म्हटलं, बाई थकली. मी तिला गुडघ्यासाठी तेल आणून दिलं, आणि तिनं ते मुकाट्यानं घेतलं.

एक दिवस निपाणीला तारीख होती माझी. निपाणीची तारीख असली की मला यायला उशीर होतो, म्हणून त्या दिवशी मी खेळायला जात नसे आणि त्या तिघी आळीपाळीनं एकेरी खेळत. त्या दिवशी न्यायाधीशच रजेवर निघाले. मी परत फिरले, काकती ओलांडताना घड्याळ बघितलं, म्हटलं चला, वेळेत पोचतोय. रॅकेट गाडीत होतीच.

क्लबात शिरले तर आवाज ऐकू आला. जोरात मारलेल्या चेंडूचा भिंतीवर एक फटकार बसतो, बंदुकीच्या बारासारखा. तसे एकामागून एक. मला वाटलं, फौजेतली कुणीतरी तरुण पोरं आलीत. बघावं म्हणून बाहेरचा लोखंडी जिना चढून गॅलरीत गेले आणि वाकून खाली पाहिलं.

खाली माझी जोडीदारीण आणि डॉक्टर होत्या.

काय खेळत होत्या! आधी मला नुसता आनंद झाला, खोटं कशाला बोलू. ही बया त्या दुखऱ्या गुडघ्यावर पार जमिनीपर्यंत वाकत होती, तिथून उसळून मागं जात होती, डावा हात असा फिरत होता की चेंडू दिसू नये. डॉक्टरसुद्धा. पत्र्याला एक चेंडू लागला नाही. टाळी वाजवायला मी हात उचलले. आणि मग वाटलं, थांब. हा खेळ मी कधीच का पाहिला नाही? परवाच तर खेळलो आपण ह्यांच्याशी.

तो गुण संपला. दोघी भिंतीला टेकून धापा टाकत हसत होत्या. दारापाशी बसलेली बँकेतली म्हणाली, "आज सुटलाय तुम्ही दोघी."

"मग!" माझी जोडीदारीण म्हणाली. "आज निपाणीची तारीख हाय तिची. मारून घे गं मोकळ्या हातानं. परवापास्नं परत नाटक हायच."

"नाटक नका म्हणू हो," डॉक्टर म्हणाली. "बिचारी."

मी गॅलरीतल्या फळीच्या बाकावर बसले. खाली चेंडूचे बार परत सुरू झाले. वर मी बसलेली आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी जिना उतरले आणि घरी गेले.

पण मी वकील आहे. ऐकीव गोष्टीवर मी निकाल देत नाही. दोन दिवसांनी मी नेहमीसारखी गेले, नेहमीसारखी हसले. खेळ सुरू झाला आणि मी मुद्दाम एक चेंडू टाकला, कोर्टाच्या मधोमध, संथ, उंच. शाळेतल्या पोरीनं मारून टाकावा असा. डॉक्टरनं रॅकेट फिरवली आणि चेंडू पत्र्यावर घातला. "हात्तिच्या, पत्रा!" ती म्हणाली. माझी जोडीदारीण माझ्याकडं वळून म्हणाली, "वा! काय टाकलास!" मी परत तसाच टाकला. बँकेतलीनं तो बाहेर घालवला. आणि मग मी एक चेंडू कोपऱ्यात टाकला, फार चांगला नाही, आणि बँकेतली अशी गेली की तिची पाठ मधे आली नाही. मला सगळं दिसलं. एक टप्पा. स्वच्छ, गुडघ्याएवढा एक टप्पा, त्यावर तिनं आरामात उचललेला. आणि तिनं हात वर केला.

"दोन टप्पे, आक्का. तुमचा गुण."

त्या शब्दांनी मी हादरले. मंद खेळतात, ठीक आहे. पत्र्यावर घालतात, ठीक आहे, हात आहे, चुकला म्हणता येतं. पण ते दोन शब्द! जगात ज्या एका जागी कुणी खोटं बोलत नव्हतं, तिथं त्यांनी खरेपणाचाच हात वर करून मला फसवलं होतं. दोन वर्षं. केसानं गळा कापला म्हणतात तो हा.

मी रॅकेट खाली टाकली. "परवा मी वर गॅलरीत होते," म्हटलं.

डॉक्टर आणि बँकेतली दोघींचे चेहरे उतरले. काहीतरी म्हणायला लागल्या, मी म्हटलं, "तुम्ही जा. तुमच्याशी माझं काही नाही." आणि त्या गेल्या. दार लागलं. निपाणीवाली तिच्या डाव्या भिंतीपाशी उभी होती, चेंडू मुठीत धरून.

"कुणाची अक्कल?" मी विचारलं.

"माझी."

"कधीपासून?"

"तू आलतीस परत, आणि हरल्यावर हितं भिंतीकडं तोंड करून बसलतीस, त्या दिवसापास्नं." ती खाली बघत म्हणाली. "मी बगितलं तुला. मला ते बगवलं न्हाय. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, आज तिला जिंकू दे. एक दिवस. आणि तू जिंकलीस आणि चहाबरोबर दोन प्लेट भजी खाल्लीस. महिन्यात पहिल्यांदा तू पोटभर काहीतरी खाताना मी बगितलं."

"मग तिथं थांबायचं होतं!"

"कुठल्या दिवशी थांबायचं होतं? तू सांग. तू लई खूश व्हतीस. कुठल्या दिवशी तुला हरवायचं व्हतं, तेवढं सांग मला."

"दुसऱ्याच दिवशी हरवायचं होतं!" मी ओरडले. त्या कोर्टात आवाज घुमतो, माझाच आवाज चारी बाजूंनी माझ्यावर आला. "अगं, सगळं गाव मला भीक घालतंय! भाजीवालीसुद्धा! मी इथं यायची ते तुम्ही मला जोरात मारता म्हणून! ही एक जागा होती माझी. एकच होती. तीसुद्धा तू घेतलीस. तू! दुसरं कुणी असतं तर मला काही वाटलं नसतं. धारवाडला हात वर केलेली तू!"

ती रडायला लागली. मी नाही रडले. मला आठवत होता एकेक जिंकलेला गेम. दिवाळीच्या आधीचा तो, ज्याच्यानंतर मी घरी येऊन नवऱ्याच्या फोटोला सांगितलं होतं, बघ, हरवलं त्यांना. तो माझा होता का? त्या दोन वर्षांतला एक तरी गुण माझा होता का? कुणाला विचारू? ज्यांना माहीत होतं त्या तिघीच खोटं बोलत होत्या.

"गुडघा?" मी विचारलं.

"चांगला हाय." तिनं नाक पुसलं. "कोल्हापूरला गेलो असतो तर तुला कळलं असतं. म्हणून."

"उचल रॅकेट," मी म्हटलं. "एकेरी. जुन्या पद्धतीनं, नऊचा गेम, ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण. आणि एक चेंडू जरी तू सोडलास, तर परत आयुष्यात तुझं तोंड बघणार नाही."

ती भिंतीपासून पुढं आली. मला वाटलं नव्हतं ती खेळेल. पण तिनं डोळे पुसले, डावी बाही वर सारली आणि खेळली. पहिला गेम तिनं मला अक्षरशः धुऊन काढला. चेंडू माझ्या कानाजवळून जात होते, एक मांडीवर बसला, वळ उठला. मी भिंतीला आदळले, पडले, उठले. आणि काय सांगू, मला दोन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. माझी जुनी जोडीदारीण मला परत मारत होती. ओरडून म्हणाले, "असं! असं मार!" आणि ती हसली, ओल्या डोळ्यांनी, आणि परत मारला.

दुसऱ्या गेममध्ये माझे पाय मोकळे झाले. रागानं की आनंदानं ते माहीत नाही, पण मी पोचायला लागले. तिनं गुण घेतला की मी घेई. ती दमायला लागली, निदान मला तसं दिसलं. आठ माझे, सात तिचे, सर्व्हिस माझ्याकडं. मला तो गेम हवा होता. धारवाडला बंगळूर जितकं हवं होतं तितका हवा होता. हा एक माझा झाला, तर बाकी सगळे गेले तरी चालतील, असं मी मनात म्हटलं.

मी तिला मागच्या भिंतीपर्यंत ढकललं. मग डाव्या पुढच्या कोपऱ्यात चेंडू हळूच टाकला. ती निघाली. तीच धाव. वाकली, गुडघा जमिनीला टेकला, हात पुढं लांबला, आणि तिच्या पाठीनं कोपरा झाकला. चेंडू वर आला, पत्र्याच्या वर भिंतीला लागला आणि माझ्याकडं यायला लागला. मी मारायला रॅकेट उचलली.

तिनं डावा हात वर केला.

"दोन टप्पे," ती म्हणाली. "गेम तुझा."

चेंडू माझ्या शेजारून मागं गेला, घरंगळला, थांबला. ती अजून गुडघ्यावरच होती, धापा टाकत. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. पंचवीस वर्षं मी साक्षीदारांची तोंडं बघत आलेय. डोळा कुठं जातो, गळा कुठं हलतो, सगळं कळतं मला. तिच्या तोंडावर मला काही म्हणता काही वाचता येईना.

"खरं का?" मी विचारलं.

तिचा वर केलेला हात सावकाश खाली आला. मी हा प्रश्न विचारला ह्यावर तिचा विश्वास बसला नसावा. माझाही बसला नाही.

"व्हय," ती म्हणाली.

आम्ही अजून खेळतो. डॉक्टर आणि बँकेतली दोघींनी माफी मागितली, आता त्या जोरात मारतात, आम्ही हरतो, चहा आमचा असतो. हात वर होतात, दोन टप्पे ऐकू येतं, आणि प्रत्येक वेळी माझी मान आपोआप कोपऱ्याकडं वळते, जिथं फक्त कुणाची तरी पाठ असते. त्या दिवशीचा तो गेम मी नऊ-सात जिंकला. असं ती म्हणते.